लाल दोऱ्याची पुडी

बॉथेल,
३ फेब्रुवारी

चि. आसूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. मनोहररावांना नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. अवधूतची पाठ धरली आहे आणि या नवरोबाने सगळं घर वेठीला धरलंय, पण ते दर हिवाळ्याचंच.

तुझ्या पुड्या पोचल्या. सुलेखाच्या सासूबाईंनी मिरजेहून बॅगेत घालून आणल्या, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला चिकटून. लोणचं सांडलं नाही, हे तुझं आणि माझं नशीब. सोबत तुझं पत्र. रोज व्हिडिओवर तोंड बघूनही पुड्यांबरोबर हाताने लिहिलेलं पत्र पाठवणारी तू एकटीच उरली असशील. चित्रकलेच्या बाईंची हौस! मलाही मग कागद शोधावा लागतो. या घरात प्रिंटर आहे, त्याचे कागद आहेत, पण चालणारं पेन म्हणशील तर अर्धा दिवस हुडकावं लागतं.

परवा शनिवारी हळदीकुंकू केलं. बाहेर नेहमीची पिरपिर, दारात ओल्या बुटांचा ढीग, आत सगळ्या पैठण्या. दरवर्षी वाण म्हणून कुणी प्लास्टिकचे डबे देतं, कुणी चमचे. इथल्या एकेका घरात आता डब्यांचं दुकान निघेल. मी यंदा तुझ्या चार पुड्यांचा संच दिला. बायका अक्षरशः तुटून पडल्या गं.

मी तर वर्गच घेतला. म्हटलं, दुकानातले ते ओले कागद तोंडाला चिकटवून बसता, पण सगळ्यांना एकच कागद कसा चालेल? दिवसभर हीटर लावून सगळ्यांची कातडी सुकलेली, त्यांनी पिवळ्या दोऱ्याची पुडी घ्यायची. मसूर, बदाम, ज्येष्ठमध, दुधात कालवून. ज्यांच्या नाकावर तेल येतं त्यांना हिरवा दोरा, मुलतानी माती, कडुनिंब आणि संत्र्याची साल. पण तो लेप पूर्ण वाळू द्यायचा नाही, कातडी ओढायला लागली की धुवायचा, नाहीतर फायदा राहिला बाजूला. काहीही लावलं की ज्यांचे गाल लाल होतात त्यांना पांढरा दोरा, तांदळाची पिठी, चंदन आणि गुलाबाच्या पाकळ्या. आधी कोपराच्या आत लावून बघायचा. तू मला जसं शिकवलंस तसंच्या तसं सांगितलं. एकजण म्हणाली, "काकू, तुम्ही यूट्यूब चॅनल काढा." मी म्हटलं, आधी मला पेन सापडू दे.

आणि लाल दोरा. वांग आणि डागांचा. आसू, त्याच्याबद्दल मला काही बोलावंच लागलं नाही. केया ताटं घेऊन फिरत होती, तिचा चेहरा बघूनच सगळ्यांनी विचारलं. दिवाळीपासून लावतेय ती. पिंपल्सचे ते काळे डाग होते ना, एक राहिला नाही. वर चेहरा असा भरलाय, गाल वर आलेत, नुसती तकाकी. एक मावशी म्हणाल्या, "भाचीला अमेरिका मानवली हं." तुझी लेक माझ्या घरी बारीक होऊन परत जाणार नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

इथल्या दुधावर साय धरत नाही म्हणून लाल पुडी पेट्रोलियम जेलीत कालवून रात्रभर लावा, असं मी सगळ्यांना सांगितलं. ही भर माझी. शेजारच्या आरोहीने दुसऱ्याच दिवशी आणखी एक मागून नेली. बाळंतपणानंतर तिला कपाळभर वांग आलाय बिचारीला. बाळ सारखं तिच्या गालाला गाल लावून असतं, आता सहा महिन्यांचं आहे, गोड आहे. तर लाल जास्त पाठव. बाकीच्या कमी चालतील.

केया ठीक. हल्ली झोप लागत नाही म्हणते, पायाला मुंग्या येतात म्हणते, आणि चिडकी झालीय. लॅबमध्ये गाइड पिळून घेतो, दुसरं काय. हळदीकुंकवाच्या दिवशी हातातून अत्तरदाणी पडली, तर माझ्यावरच डाफरली आणि मग गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, बाई गं, अत्तरदाणी स्टीलची आहे.

एक विचारायचं राहिलं. तुझं अक्षर असं का आलंय? शाळेचा फळा लिहायला अख्ख्या शाळेतून तुला बोलवायचे, आणि या पत्रात ओळी खाली उतरल्यात. थंडीने बोटं आखडली असतील. हातमोजे पाठवू का?

तुझी, बायकांत भाव खाऊन बसलेली,
ताई



बॉथेल,
१४ मार्च

चि. आसूस,
आशीर्वाद. पार्सल मिळालं. एवढं मोठं खोकं कुरिअरने पाठवायची काय गरज होती? गॅरेजमध्ये ठेवलंय. अजून उघडलं नाही, वेळच झाला नाही. वर चिकटवलेलं तुझं पत्र तेवढं काढून घेतलं.

इकडे थंडी सरली. रस्त्याच्या कडेची चेरीची झाडं फुलायला लागलीत, अवधूतची पाठ बरी आहे आणि तो त्याच फुलांचे रोज पन्नास फोटो मला पाठवतो, मी शेजारच्या खोलीत असताना.

आम्ही उशा नवीन घेतल्या. टॉवेल, पलंगपोस, सगळं नवं. जुनं टाकून दिलं. तू म्हणशील, ताईला पैसे जड झाले. तसं नाही गं, होतं असं कधीकधी, जुनं झालं की टाकावं. केयाच्या खोलीतला गालिचाही काढला. खोली आता मोकळी मोकळी वाटते, आणि खिडक्या उघड्या ठेवतो त्यामुळे गार. केया माझ्या खोलीत झोपते.

केया बरी आहे. लॅबमधून थोडी सुट्टी घेतलीय. परवा आरोग्य खात्यातल्या एक बाई घरी आल्या होत्या, हवेतलं काहीतरी मोजायला. इथे असं करतात. हातात इस्त्रीएवढं यंत्र, ते घेऊन घरभर फिरल्या. फार सभ्य बाई. स्वयंपाकघरात काही नाही, हॉलमध्ये काही नाही. केयाच्या खोलीत गेल्यावर यंत्र वाजायला लागलं. बाई उशीपाशी वाकल्या, मग कपड्यांच्या टोपलीपाशी, आणि मग आम्हाला म्हणाल्या, तुम्ही सगळे जरा बाहेर उभे राहता का? आम्ही अंगणात उभे राहिलो. पाऊस नव्हता, नशीब.

बरं, सहज विचारते. लाल पुडीत तू काय काय घालतेस? बाकी तिन्हींचं तू मला कधीच सांगितलंयस, मला पाठ आहे. लालचं म्हणालीस, ते माझं गुपित. तर आता सांग. इथे बायका विचारतात ना, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असते, मला उत्तर देता यायला हवं. सगळं लिही, कितीही थोडं असलं तरी लिही. कुठून आणतेस तेही.

आणि तोवर तू स्वतः ती लावू नकोस. कळवतेच मी. नवी करूही नकोस. पार्लरवाल्या बाईंची ऑर्डर थोडी थांबली तर आभाळ कोसळत नाही. कधी नव्हे ते तुझं स्वतःचं काही उभं राहिलंय, मला माहीत आहे. शाळेतली नोकरी सुटल्यावर तू वर्षभर कशी बसून होतीस ते मी विसरले नाही. पण थोडं थांब.

व्हिडिओवर केया का दिसत नाही, असं तू तीनदा विचारलंस. झोपलेली असते गं. आपल्या वेळा जुळत नाहीत.

तू मनोहररावांवर एवढी ओरडत होतीस परवा, चहात साखर कमी पडली म्हणून. मी फोनवर ऐकत होते. तू आणि ओरडणं! मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

या पत्राचं उत्तर लवकर दे. खरंच लवकर.

तुझी,
ताई



बॉथेल,
२० एप्रिल

आसू,
या पत्राचे फोटो मी मनोहररावांच्या फोनवर पाठवते आहे. मूळ कागद मागून कुरिअरने येतील. मनोहरराव, तुम्ही हे आधी वाचा, मग तिला जवळ बसवून वाचून दाखवा. मध्येच उठून गेली तर उठू देऊ नका.

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, तुला माझं चाललेलं बघवत नाही." आणि फोन आपटलास. नंतर मी चार वेळा केला, तू उचलला नाहीस. मला राग आला नाही असं नाही. फार आला. पण थोड्या वेळाने राग गेला आणि भीती उरली, कारण तू अशी बोलणारी नव्हेस. लहानपणी माझे फाटके फ्रॉक घालून हिंडलीस, एका शब्दाने कधी कुरकुर केली नाहीस. काल जी बोलली ती माझी आसू नव्हती, आणि ती कुठे गेली ते मला कळलंय.

आता नीट ऐक. केया हॉस्पिटलमध्ये आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

जानेवारीच्या शेवटी तिला लॅबमध्ये बारीक नळीतून थेंब सोडता येईना. हात थरथरायचा. तिने महिनाभर कुणाला कळू दिलं नव्हतं, लॅबमधल्या मुलांवर ओरडायची आणि डाव्या हाताने उजवा धरून काम करायची. मग सकाळी पापण्या सुजून उघडेनात. आम्ही दवाखान्यात नेलं. लघवी तपासली तर प्रथिनं वाहून चाललेली, किडनी गळते आहे म्हणाले. डॉक्टरीण तरुण होती, तिने केयाच्या स्वच्छ चेहऱ्याकडे बघून विचारलं, तू चेहऱ्याला काय लावतेस?

तो भरलेला चेहरा, आसू. हळदीकुंकवाला सगळ्यांनी वाखाणला तो. ती सूज होती. मी ताट घेऊन फिरणाऱ्या त्या पोरीकडे बघून मिरवत होते, आणि तिच्या अंगात पाणी साठत होतं.

केयाने पुड्या स्वतः नेऊन दिल्या तपासायला. चारही. पिवळी, हिरवी, पांढरी अगदी स्वच्छ निघाल्या. हे मुद्दाम लिहिते. तुझे तीन लेप चांगले आहेत, ज्याला जसे हवे तसे आहेत, त्यात काही खोट नाही. लाल पुडीत पारा निघाला. थोडाथोडका नाही. तिच्या मुंग्या, थरथर, चिडचिड, सगळं त्यानेच. ते यंत्र उशीपाशी वाजत होतं ते त्यामुळे. रात्रभर तिचा गाल उशीवर, उशीतून हवेत, धुण्याच्या मशीनमधून आमच्या सगळ्यांच्या कपड्यांत. माझ्या आणि अवधूतच्या तपासणीतही थोडा निघाला, पण आमची काळजी नको.

रिपोर्ट आला त्या दिवशी केयाने माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, आईला आत्ता नाही सांगायचं. प्लीज. शी विल ब्रेक. मी बरी झाले की मीच जाऊन सांगेन." मी कबूल केलं. म्हणून मागचं पत्र तसं लिहिलं, उशा नव्या घेतल्या आणि बाई सभ्य होत्या वगैरे. लिहिताना माझी मलाच लाज वाटत होती.

मग तुझं उत्तर आलं. लाल पुडीत तू मंजिष्ठा, जायफळ आणि काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला रसकापूर घालतेस. "पांढरी पूड गं, चिमूटभर, पूर्वीपासून वापरतात, दुकानदार म्हणाला डाग मुळापासून जातात." आणि पार्लरवाल्या बाईंना लवकर फरक हवा म्हणून जानेवारीपासून चिमटीच्या जागी चमचा. आसू, रसकापूर म्हणजे पाराच. मी केयाला विचारलं, तिने डोळे मिटून मान हलवली. तुला माहीत नव्हतं. तुला माहीत असतं तर तू पोटच्या पोरीला ती पाठवली असतीस का? हे मला कुणी समजावून सांगायला नको, आणि तुलाही मी समजावत बसणार नाही. दुकानदाराला माहीत असायला हवं होतं.

वाण मी परत मागून आणलं. घरोघर जाऊन. आपल्याकडे दिलेलं वाण परत मागितल्याचं कुणी ऐकलंय? दारात उभी राहून मी सांगायची, लाल दोऱ्याची पुडी द्या, उघडली असेल तरी द्या, ज्या भांड्यात कालवली ते भांडंही द्या. एकजण हसली, "काकू, वाण परत घेतात का? सवाष्णीचं वाण?" मी म्हटलं, घेतात, आण. मग मी कारण सांगितलं आणि ती पुडी आणायला आत पळाली. कुणी अजून माझ्याशी बोलत नाही. त्यांचं बरोबर आहे.

आरोहीच्या घरी शेवटी गेले. तिचं बाळ दोन आठवडे रडत होतं, तळहात गुलाबी झालेले, कातडी सुटायला लागलेली, आणि त्यांना वाटत होतं दात येताहेत. तिने पुडी आणून माझ्या हातावर ठेवली. बाळावर औषध चालू आहे, उतार पडतोय म्हणे. ती मला घरात घेत नाही, तिचा नवरा व्हरांड्यात येऊन सांगतो.

आता तुझं. आम्ही इथे पुडी तोंडाला लावली, तू ती करतेस. स्वयंपाकघरात, दार लावून, धूळ उडू नये म्हणून पंखा बंद करून. तूच मागे कौतुकाने सांगितलंस, ज्या मिक्सरमध्ये लालची पूड करतेस त्यातच शेंगदाण्याचं कूट करतेस, कारण ते पातं चांगलं आहे. म्हणजे ते तुमच्या दोघांच्या पोटातही जातंय.

म्हणून आजच्या आज एवढं करा. खिडक्या उघडा. करून ठेवलेल्या लाल पुड्या, ती पांढरी पूड आणि तो मिक्सर, सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधून घराबाहेर. जाळायचं नाही, मनोहरराव, जाळलं तर वाफ होते आणि ती जास्त वाईट. झाडूनही काढायचं नाही, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत. पार्लरवाल्या बाईंना फोन करा, जेवढ्या विकल्या तेवढ्या परत मागा. लाज वाटेल. मला वाटली, आणि मी मेले नाही. मग दोघांनी मोठ्या डॉक्टरांकडे जा आणि पारा तपासायचा आहे असं स्पष्ट म्हणा. अशक्तपणा आहे, वयामुळे होतं, असं म्हणून घालवलं तर उठू नका.

आसू, मी केयाला दिलेलं वचन मोडते आहे ते तुझ्या पत्रामुळे. त्यातल्या मजकुरामुळे नाही. अक्षरामुळे. जानेवारीत ओळी खाली उतरल्या होत्या, मी हातमोजे पाठवू का विचारलं. मार्चच्या पत्रात प्रत्येक काना लाटेसारखा. या वेळचं मला भिंग घेऊन वाचावं लागलं. आज सकाळी ते पत्र मी हॉस्पिटलमध्ये नेलं आणि केयाच्या पुढ्यात ठेवलं. तिने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, हे माझं अक्षर आहे." आणि मग, "आईला लिही. आजच लिही."

मी तिला म्हटलं, तूही एक ओळ लिही. तिने पेन मुठीत धरून लिहिलीय:

आई मी चिडले नाहीये तू पण औषध घे

एवढं लिहायला तिला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. तू चित्रकलेची बाई आहेस, तुला दिसेल. आता तुझं एखादं मागच्या दिवाळीचं पत्र काढ, असेल कुठे तरी कच्चं लिहून ठेवलेलं. तेही शेजारी ठेव. एकाच घरातल्या दोघी आहात तुम्ही, आणि तुमचा हात एकाच गोष्टीने धरला आहे.

माझ्यावर कितीही रागाव. ताईला बघवत नाही म्हणालीस, ते खरं आहे. नाही बघवत. पण उत्तर दे, आणि फोनवर नको, मनोहररावांकडून लिहून घेऊन नको. तुझ्या हाताने लिही, चार ओळी, वेड्यावाकड्या आल्या तरी. दर आठवड्याला लिही. ओळी पुन्हा वर चढताना मला बघायच्या आहेत.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
तुझीच ताई